कपाळाला कपाळ

निवृत्तीला तुरुंगाबाहेर ठेवायचं तर गोजरबाईला फार काही करायचं नव्हतं. कोर्टात उभं राहून आपण त्याची बायको नाही, एवढंच सांगायचं होतं. भालचंद्र वकिलांनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं कुणी तांब्या जरा पलीकडे सरकव म्हणावं. वकिलांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. गोजरबाई ती सोडून फरशीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तान्ही कोकिळा झोपली होती. शेजारी निवृत्ती टोपी गुडघ्यावर ठेवून, मान खाली घालून बसला होता. खटला त्याच्यावर होता, पण बोलायचं सगळं हिच्यावर आलं होतं.

"मंग हे पोरगी कोनाची म्हनू मी?" तिनं विचारलं.

"पोरीचं कोणी विचारणार नाही, बाई," वकील म्हणाले. "खटला लग्नाचा आहे."

पहिली बायको जिवंत असताना हिंदू माणसानं दुसरी केली तर तो गुन्हा, असा कायदा सरकारनं केला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात मध्य प्रदेश जाऊन मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र झाला. धाडच्या पुढच्या हिंगणखेडात एवढ्या सरकारांची नावं ऐकून झाली, पण त्यातलं एखादं आपल्या चुलीपर्यंत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. निवृत्तीला तर नाहीच. सुभद्राबाईशी त्याचं लग्न होऊन दहा-बारा वर्षं उलटली, पाळणा हलला नाही. तेव्हा त्याचे चुलते भगवानराव यांनीच पुढाकार घेतला. भगवानराव गावचे पोलीस पाटील. म्हणजे गावात सरकार कुठं असलंच तर ते यांच्या ओट्यावर बसून पान खात असे. त्यांनी लांबची, संग्रामपूरकडची एक विधवा पाहिली आणि पुतण्याचा पाट लावून दिला. तीच ही गोजरबाई. सुभद्राबाईनं दोन वर्षं सवतीसोबत एका चुलीवर काढली. कोकिळा जन्मली आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी ती बोचकं उचलून चिखलीला भावाकडे निघून गेली. तिचा भाऊ किसनराव तिथं अडत्याकडे कारकून होता, वर्तमानपत्र वाचणारा. फिर्याद त्यानं लिहवली, पण खालचा अंगठा बहिणीचा होता आणि रागही तिचाच होता.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही, भटजी नाही. अंधार पडल्यावर गावाच्या कडेला दोघांना घोंगडीवर बसवायचं. बाईला नवं लुगडं द्यायचं, बांगड्या भरायच्या, कुंकू लावायचं. आणि शेवटी एखाद्या वडीलधाऱ्यानं दोघांची डोकी धरून कपाळाला कपाळ टेकवायचं. टेकलं की झालं लग्न. सवाष्ण बाईनं मात्र पाट बघायचा नाही. बघितला तर तिचंही कुंकू पुसलं जातं, अशी सगळ्या मुलखाची पक्की समजूत. म्हणून त्या वेळी घराघरांतल्या बायका दारं लावून घेतात आणि पाटाला बाईमाणूस असलंच तर ते एखादी म्हातारी विधवा. गोजरबाईच्या वेळी रुखमाबाई नावाची म्हातारी होती. ती मागच्या वर्षी मेली. कपाळं टेकवली होती खुद्द भगवानरावांनी.

वकिलांनी हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं.

"कायदा दोनच गोष्टी विचारतो," ते म्हणाले. "होम आणि सात पावलं झाली का? ती तर तुमच्यात पाटाला नसतातच. मग राहिली तुमच्या जातीची रीत. ती पुरी झाली का, याचा पुरावा द्या, असं कोर्ट म्हणणार. कपाळ टेकवलं असं कोणी सांगितलं नाही, तर रीत पुरी झाली नाही. रीत पुरी नाही तर लग्न नाही. लग्न नाही तर गुन्हा कसला?"

"मंग मी त्यायच्या घरात काय करून राह्यली?"

"राहताय. राहायला कायद्याची मनाई नाही."

गोजरबाई अडाणी होती, पण ऐकलेलं तिला कळत होतं. बायको करायला बंदी, बाई ठेवायला नाही. असा कायदा करणाऱ्यांच्या घरी आयाबहिणी नसतील काय, असं तिच्या मनात आलं. तिचं पहिलं लग्न अगदी कायद्याला आवडेल असं झालं होतं. तेराव्या वर्षी, होमाच्या धुरात, भटजीनं मोजून सात पावलं चालवली होती. नवरा वर्षाच्या आत तापानं गेला. त्याचा चेहरा आठवायला बसलं तर तिला नुसत्या मुंडावळ्या आठवत. आणि निवृत्तीचं कपाळ तिच्या कपाळाला टेकलं तेव्हा ते घामानं ओलं होतं, तंबाखूचा वास येत होता, आणि तो हळूच म्हणाला होता, "भेऊ नको." पहिलं ते लग्न आणि हे काहीच नाही, हे तिच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. पण निवृत्ती तुरुंगात गेला तर वावर कोण पेरणार, पोरीला कोण बघणार, हेही तिला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचा त्याच्यावर जीव होता.

एस.टी.च्या थांब्यावर तिनं त्याला आपली अट सांगितली.

"मी खोटं बोलीन. पन तुमी सुटून आले का महादेवाच्या देवळात चालायचं. चार मानसांत बेल-भंडार उचलायचा आन सांगायचं, हे माही बायको हाय."

"उचलीन ना," निवृत्ती म्हणाला. "मी का नाही म्हनून राह्यलो? कोर्टातलं बोलनं का खरं असते? ते तिथंच झटकून यायचं."

हिंगणखेडात लहानथोर असंच मानत. कोर्ट म्हणजे खोटं बोलायची जागा, तिथली शपथ तिथल्या भिंतींना. माणसाचं खरंखोटं महादेवापुढं ठरतं, पिंडीवरचा बेल आणि भंडारा हातात घेऊन. आजवर बांधाची, विहिरीची भांडणं कोर्टात एक आणि देवळात एक अशीच मिटली होती. गोजरबाईचाही यावर विश्वास बसला. तिनं हिशेब केला की एकदा तोंड विटाळायचं आणि देवळात धुऊन टाकायचं.

खटल्याच्या दिवशी सुभद्राबाई आधी उभी राहिली. वाळली होती, पण कुंकू रुपयाएवढं लावलं होतं. तिच्या बाजूच्या वकिलानं विचारलं आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तिच्या देखत केलं. ती भगवानरावांच्या गोठ्यामागं तुराट्यांच्या कुडाआड उभी होती. तिनं घोंगडी पाहिली, लुगडं पाहिलं, आणि भगवानरावांनी कपाळाला कपाळ लावलं तेही पाहिलं.

गोजरबाई हे ऐकून चरकली. ती दोन वर्षं या बाईच्या शेजारी भाकरी थापत होती आणि तिला हे कधीच कळलं नव्हतं.

भालचंद्र वकील उठले. फार गोड आवाजात बोलले.

"सुभद्राबाई, तुमच्यात सवाष्ण बाई पाट बघते का?"

"नाही बघत."

"का नाही बघत?"

वकिलांना पुन्हा विचारावं लागलं.

"नवरा मरते म्हंतात," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही नवऱ्याच्या मरणावर उठलात, असं आम्ही समजायचं? की तुम्ही तिथं नव्हतातच आणि आता सवतीच्या रागानं सांगताय?"

कोर्टात मागं बसलेले लोक हसले. हिंगणखेडाहून आलेले सगळ्यात जास्त हसले. सुभद्राबाईनं कठडा धरला.

"मी होती," ती म्हणाली. "मले पाह्यल्याबिगर राहवलं नाही. माह्या घरात येनार होती ते, मी कशी नाही पाहू? मी पाह्यलं. कपाळाले कपाळ लावलं."

पण आता ती बाई एकतर खोटारडी होती, नाहीतर नवरा मारायला निघालेली होती, आणि दोन्हींतली कुठलीही असली तरी तिचं कोण ऐकणार? भगवानराव आले. त्यांनी फेटा सावरला, देवाची शपथ घेतली आणि असला काही पाट आपल्या गावात झालेला नाही, असं सांगून बसले. सरकारी बिल्ला त्यांच्या छातीवर चांगला चकाकत होता.

मग गोजरबाईला हाक आली.

तिनं सगळं पढवल्याप्रमाणं सांगितलं. आपण विधवा आहोत, पोटासाठी निवृत्तीच्या घरी कामाला राहिलो. घोंगडी नाही, लुगडं नाही. सुभद्राबाईच्या वकिलानं विचारलं, "कपाळाला कपाळ लावलं होतं की नाही?" गोजरबाईनं निवृत्तीकडे पाहिलं. तो आपल्या नखांकडे बघत होता.

"नाही लावलं," ती म्हणाली.

हातातल्या बांगड्या तिनं पदराखाली लपवल्या होत्या. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, पुण्याकडचे असावेत. त्यांनी स्वतः एक प्रश्न विचारला. "बाई, तुम्ही कुंकू कोणाचं लावता?"

याचं उत्तर वकिलांनी पढवलेलं नव्हतं. शेवटी गोजरबाई म्हणाली, "सवय लागली." मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं आणि पुढचं काही विचारलं नाही. उतरताना ती सुभद्राबाईच्या बाजूनं गेली. सुभद्राबाई तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत शिवी असती तर गोजरबाईला बरं वाटलं असतं. पण ती नुसती नवल करत होती, की एखादी बाई हेसुद्धा सोडून देऊ शकते.

निकालाच्या दिवशी वकिलांनी मराठीत समजावून सांगितलं. साहेबांनी म्हटलं होतं की आपल्यासमोर संसार दिसतो आहे, मूल दिसतं आहे, आणि तरीही याला विवाह म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कायद्याला संसार दिसत नाही, विधी दिसतो, आणि विधी शाबीत झालेला नाही. आरोपी निर्दोष. बाहेर आल्यावर निवृत्तीनं सगळ्यांना चहा पाजला. किसनराव बहिणीला घेऊन निमूट चिखलीच्या गाडीत बसला.

गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी सोमवार होता. गोजरबाईनं सकाळीच अंघोळ केली, बेल तोडून आणला.

"चला," ती म्हणाली.

"आज नको," निवृत्ती म्हणाला. "वकील म्हंते, किसनराव वरच्या कोर्टात जाईन. आपन देवळात बोललो आन कोनी जाऊन सांगितलं तं पुन्हा गळ्याशी येईन. मुदत जाऊ दे."

तिला पटलं. मुदत गेली. मग पेरणी आली, मग निंदणी. मग त्यानं सांगितलं की भगवानकाका नको म्हणतात, त्यांनी कोर्टात शपथ घेतलीय, त्यांची पाटीलकी जाईल. हेही तिला पटलं, किंवा पटल्यासारखं तिनं केलं. माणूस वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, पोरीला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा. फक्त जे एकदा बोलायचं ते उद्यावर ढकलत होता, आणि उद्यावर ढकलायला पुरुषाला काय लागतं?

गावाचं मात्र उलटंच झालं. कोर्टातलं कोर्टात झटकून येणाऱ्या त्या गावानं हिचं तेवढं घरी आणलं. पाटाच्या बाईला एरवीही कुणी ओटीला बोलावत नसे, ते तिला ठाऊक होतं. पण पोळ्याला बैल दारात आले की त्यांना ओवाळायचा मान घरच्या बाईचा. ती आरतीचं ताट घेऊन उभी राहिली, तर भगवानरावांची सून पुढं झाली आणि ताट तिच्या हातून काढून घेतलं.

"राहू द्या, मी ओवाळते," ती म्हणाली. "तुमीच सांगून आल्या ना कोर्टात, का कामाले राह्यते म्हनून?"

निवृत्ती बैलाचं दावं धरून उभा होता. त्यानं ऐकलं. बैलाच्या गळ्यातली माळ नीट करत राहिला. त्या दिवशी गोजरबाई पहिल्यांदा त्याच्यावर चिडली.

"बोलत काऊन नाही? दोन सबुद बोलाले जीभ झडते काय?"

"बोलीन व," तो म्हणाला. "शिवरात्रीले बोलतो. सारं गाव असते देवळात. बेल हातात घेऊन बोलतो, मंग तं झालं?"

ती शिवरात्रीची वाट बघू लागली. पोरीला सांगू लागली की शिवरात्रीला तुझा बाप देवळात बोलणार आहे. कोकिळा आता बोलती झाली होती, ती विचारायची, काय बोलणार? गोजरबाई म्हणायची, तुझ्या मायचं नाव घेणार.

शिवरात्रीच्या आधी, तुरी काढल्यावर, निवृत्तीच्या पायात तुराटीचा खुंट घुसला. त्यानं हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागला. आठवड्यानं त्याचं तोंड आवळलं. गोजरबाई चमच्यानं पाणी घालायला गेली तर दात उघडेनात. धाडच्या डॉक्टरनं धनुर्वात सांगितलं आणि बुलडाण्याला न्या म्हणाला. जीप येईपर्यंत तिनं त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. त्याची पाठ कमानीसारखी उचलायची आणि डोळे तिच्यावर असायचे. शुद्ध पुरी होती. त्याला काही सांगायचं होतं की नाही, देव जाणे. जबडा मिटला तो मिटलाच. जीप धाडच्या पुढं गेली नाही, तिथूनच परत फिरली.

चिखलीला निरोप घेऊन माणूस गेला आणि सुभद्राबाई दुपारपर्यंत आली. गावानं तिला पाहून तोंडं फिरवली. पाट बघितला होता हिनं, खाल्ला अखेर नवरा, असं बायका तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या. गंमत अशी की कोर्टात ज्यांनी तिचं बघणं खोटं ठरवलं, तेच आता ते खरं धरून बसले होते.

प्रेत अंगणात ठेवलं होतं. उचलायच्या आधी बायकोच्या बांगड्या फोडतात. एका म्हातारीनं सुभद्राबाईचा हात धरला, जोत्यावर ठेवला आणि दगडानं बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. गोजरबाई प्रेताच्या पायांशी बसली होती, पोरीला कवेत घेऊन. तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. म्हातारी दगड घेऊन वळली.

"तिच्या कायले?" भगवानराव म्हणाले.

म्हातारी थांबली.

"ते घरची नव्हं," भगवानराव म्हणाले. "कामाची बाई होती. भर कोर्टात तिनंच सांगितलं. कोर्टानं बी तेच धरलं. उचला आता, उशीर होऊन राह्यला."

गोजरबाईचे हात तसेच पुढं राहिले. तिला बोलायचं होतं, पण काय बोलणार? देवाची शपथ घेऊन नाही म्हणालेली तीच होती. आणि ज्यानं हो म्हणायचं कबूल केलं होतं तो समोर पडला होता, त्याच्या नाकात कापूस होता. लोक खांदा द्यायला वाकले. ती ओरडली, "थांबा, माह्या फोडा! मी रांडव होऊन राह्यली, माह्या फोडा!" कुणीतरी तिला धरून मागं ओढलं. पोरगी रडू लागली.

तेव्हा सुभद्राबाई उठली.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

भगवानराव तिच्या जवळ आले, आवाज खाली आणून बोलले. "सुभद्रे, तुले कळते का काय करून राह्यली ते? कायद्यानं वावर तुह्यं एकटीचं हाय. हे बायको ठरली तं वाटा मागन."

"मागू द्या," सुभद्राबाई म्हणाली. "मामंजी, तुमीच धरले होते दोघायचे डोस्के. मी कुडाच्या मांगं होती. तुमी सारे हासले मले. खोटी म्हनले. माह्या भावाले मान वर करून चालनं मुश्कील केलं." मग ती गोजरबाईकडे वळली. आवाजात माया नव्हती. "गोजरे, इथं सांग. मेलेल्या मानसापुढं सांग. कपाळाले कपाळ लावलं का नाही?"

गोजरबाईनं भगवानरावांकडे पाहिलं नाही, निवृत्तीकडेही नाही. जिच्यासमोर ती खोटं बोलली होती तिच्याकडेच पाहून बोलली.

"लावलं, बाई. तुमी खऱ्या होत्या."

"आयका," सुभद्राबाई सगळ्यांना म्हणाली. इतके दिवस जे कोर्टानं दिलं नाही, ते तिला मिळालं होतं आणि त्याचं तिला काही करता येणार नव्हतं. तिनं म्हातारीच्या हातून दगड घेतला, सवतीचं मनगट धरलं आणि जोत्यावर टेकवलं.

भगवानराव मान फिरवून उभे राहिले. बांगड्या पहिल्या फटक्याला फुटल्या नाहीत, दगड गोजरबाईच्या हाडावर बसला. तिनं हात मागं घेतला नाही. सुभद्राबाईनं दुसऱ्यांदा दगड उचलला, आणि मग त्या फुटल्या.